अर्धं उत्तर

साळवे टीचरांनी पाय साडीखाली ओढून घेतले. "बघू नकोस. सकाळपासून उभी होते, म्हणून सुजलेत."

कालिंदीने ऐकलं नाही. घोट्यावर अंगठा दाबून उचलला, तर खळगा तसाच राहिला. मग तिने नाडी धरली. एकशे बारा. तीस वर्षांपूर्वी नर्सिंगच्या वर्गात ती नाडी मोजायला शिकली, ती याच मनगटावर. तेव्हा ते खडूने पांढरं झालेलं असायचं.

"टीचर, आजच दवाखान्यात चला."

"कशाला? हृदय जरा दमलंय, बाकीचं शरीर सांभाळून घेतंय. शिकवलं होतं ना मी?"

"हो. घरातला कर्ता आजारी पडला, की बाकीचे धावपळ करतात. नाडी पळते, रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात."

"आणि पुढे?" टीचरांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "परीक्षेतही इथंच थांबली होतीस बये. निम्मे मार्क कापले होते मी."

पुढचं कालिंदीला आता पाठ होतं, पण टीचरांच्या तोंडावर सांगायला जीभ रेटेना.

"अजून येत नाही?" टीचरच सांगू लागल्या. "ते राखलेलं पाणी, त्या आवळलेल्या वाटा, सगळ्याचा भार शेवटी त्या आजारी कर्त्यावरच पडतो. वरून घर ठीक दिसतं, आणि तो आतून..."

त्यांना दम लागला. त्या थांबल्या आणि स्वतःच्या पायांकडे बघत राहिल्या.

"रिक्षा बोलव," त्या म्हणाल्या. "आणि जिना उतरताना माझा हात धर."