बोटीचा खेळ

दिवाळी आटोपून जानकी दीड वर्षांच्या बाबूला घेऊन मालवणहून बोटीने मुंबईला गेली, थोरल्या जावेकडे, दुर्गावयनींकडे, आठ दिवस राहायला. एका खोलीचं बिऱ्हाड. पोराने नुसता सूर लावला तरी वयनींच्या कपाळाला आठी पडायची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याला रमवायला एक खेळ काढला. मांडीवर नाचवत म्हणायच्या, "भोंगा वाजला, भोंऽऽ! बोट सुटली! पाहुणा गेला, गेला!" आणि त्याचा हात धरून त्याला थेट उंबऱ्यापर्यंत नेऊन जिना दाखवायच्या. बाबू टाळ्या पिटायचा. वयनी हसायच्या, पण जानकीकडे बघून. चौथ्या दिवशी जानकीने ट्रंक भरली.

मे महिन्यात वयनी मालवणात उतरल्या, पुरा महिना राहायला. घरापुढच्या खळ्यात पाऊल टाकतात तोच जानकी गूळपाणी घेऊन बाहेर आली आणि हाक मारून म्हणाली, "बाबू, पावणी इली रे!"

बाबू दुडुदुडु धावत आला. "भोंऽऽ! गेला, गेला!" म्हणत त्याने वयनींची करंगळी पकडली आणि तो त्यांना आल्या वाटेने ओढायला लागला. डोक्यावर ट्रंका घेतलेले गडी हसू दाबत तसेच उभे राहिले.

वयनींचा चेहरा लालबुंद झाला. "सहा महिने झाले! एवढ्याशा पोराच्या लक्षात कसं राहिलं हे?"

जानकीने गुळाची वाटी पुढे केली.

"तुमी येतलास म्हणान रोज खेळवतंय मी त्याका."