उतारा

चंपतराव लकडगंजात लाकडाच्या टालावर चौकीदार होते. बायको गेल्यापासून तिथल्याच खोलीत एकटे राहत. दाढ ठणकू लागली तेव्हा ते दोन दिवस तापाच्या गोळ्या एकामागून एक गिळत राहिले. उलट्या करून पडले, तेव्हा मालकाने त्यांना धंतोलीतल्या दवाखान्यात आणलं. "बाबाजी, इतक्या गोळ्यांनी लिव्हर जातं. कोणाला विचारायचं तरी," डॉक्टर रागावले. "कोणाले विचारू, साहेब?" संत्र्याच्या रसातून विषावरचा उतारा सुरू झाला. त्याला सडक्या अंड्यांचा वास येई. दर चार तासांनी सिस्टर खांद्यावर हात ठेवून म्हणे, "चंपतराव, उठा जी, औषध घ्या." चंपतराव निमूट पीत. काही दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर हसले. "लिव्हर वाचलं. औषध बंद, आता घरी जा." डॉक्टर गेल्यावर चंपतरावांनी सिस्टरला हळूच विचारलं, "बाई, आखीन एखादा डोस नाही का?"