हिरवा स्टिकर

भूकंपाला आठवडा झाला तरी गवंड्याच्या मुलीचं सासर तंबूतच होतं. आज इंजिनियरने घर तपासलं आणि दारावर ‘राहण्यास योग्य’चा हिरवा स्टिकर चिकटवला. “व्याह्यांचं बांधकाम आहे, गंमत नाही!” म्हणत सासऱ्यांनी गाद्या उचलल्या. गवंडी मात्र कोपऱ्यातल्या खांबाभोवती घुटमळत होता. खांबावर साधा तडाही नव्हता. मुलगी बाळाला कडेवर घेऊन उंबऱ्यात आली. “बाबा, आत या, चहा टाकते.” पायाखाली पुन्हा थरथर झाली. “आधी बाहेर ये,” म्हणत त्याने थैलीतून छिन्नी-हातोडा काढला आणि खांब फोडायला घेतला. “अहो, वेड लागलं का?” सासरे ओरडले. प्लास्टर गळालं, सळया उघड्या पडल्या. हादऱ्यात सळयांना जखडून ठेवणाऱ्या, चार इंचांवर बांधायच्या लोखंडी रिंगा मुलीच्या लग्नाच्या घाईत त्याने फुटाफुटावर बांधल्या होत्या. ती पुटपुटली, “बाबा, तुम्हीच बांधलंत ना?” स्टिकर ओरबाडत तो म्हणाला, “म्हणूनच.”