सातव्या खांबाखाली

आता जुन्या इमारती आरपार किरणांनी तपासल्या जात. काहीही न फोडता पायातली सळई न् सळई पडद्यावर दिसे. वडिलांनी बांधलेल्या इमारतीची तपासणी चालू असताना मृणालिनीला सातव्या खांबाखाली, काँक्रीटमध्ये, कुशीवर पडलेला माणूस दिसला.

तिने जुने हजेरीपट काढले. पाया भरला त्या दिवसापासून एकाच मजुराची हजेरी थांबली होती. निवृत्ती वाघमोडे. पुढे वडिलांच्या अक्षरात शेरा होता, 'पळून गेला'.

त्याची बायको सगुणा त्याच शहरात पोळ्या लाटायची कामं करत होती. मृणालिनीने घरी जाऊन तिला सगळं सांगितलं.

"तुमच्या वडलांना ठाऊक होतं?"

"असणार. काम थांबू नये म्हणून अपघात लपवला असेल. ते आता नाहीत, पण मी पोलिसांत सांगणार आहे."

"पळून गेले म्हणून पंचवीस वर्षं नवऱ्याला शिव्या घातल्या मी," सगुणा म्हणाली. "बाहेर काढता येईल?"

"इमारत पाडावी लागेल. वर चोवीस कुटुंबं राहतात."

"मग राहू द्या. मला तिथं घेऊन चला."

पार्किंगमध्ये खांबाला लागून स्कूटर उभी होती. मृणालिनीने ती सरकवली. सगुणा खाली बसली, फरशीवर हात ठेवून हळू आवाजात नवऱ्याला घरचं सांगू लागली. मुलाच्या लग्नपत्रिकेत तिनेच वडील म्हणून त्याचं नाव घालू दिलं नव्हतं, इथवर आल्यावर मात्र तिला पुढे बोलता येईना.