हत्याराला सुट्टी

चावीकाकांना उघडता आलं नाही असं कुलूप शोधून सापडलं नसतं. पण रविवार म्हणजे प्रभूचा दिवस. त्या दिवशी ते हत्याराला शिवतसुद्धा नसत. सगळ्या चर्चला हे ठाऊक होतं, कारण काकाच ते सगळ्यांना सांगत.

त्या रविवारी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, तर जिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजी आडव्या आल्या. "वाऱ्याने दार ओढलं गेलं रे, चावी आत राहिली. यांच्या गोळ्याही आतच. तुझं दोन मिनिटांचं काम." मागे पायरीवर आजोबा भिंतीला टेकून बसले होते.

"आजी, नियम म्हणजे नियम. उद्या उजाडताच येतो. तोवर तुमच्यासाठी प्रार्थना करतो ना!" म्हणत काका झपाझप जिना उतरले.

चर्चमधलं पहिलं बाक त्यांचंच. घंटा झाली, गाणी झाली, तीच गाणी पुन्हा झाली, तरी पाळकांचा पत्ता नाही. अर्ध्या तासाने काकांचा पारा चढला. खुद्द पाळकांनीच उपासनेला उशीर करायचा म्हणजे काय! चांगलं खडसावायचं ठरवून ते बाहेर आले आणि त्यांनी फोन लावला.

"देवासारखे धावून आलात!" पलीकडे पाळक धापा टाकत होते. "आजींच्या दाराशी बसलोय. फटीत पट्टी घातलीय, पण खटका काही सरकत नाही."

काकांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"तुम्ही हत्याराला हात लावू नका, काका. नुसतं सांगा, पट्टी वर दाबू की खाली?"