कमी गुणांचे कारण

"एका ओळीत अठ्ठावीस अक्षरं," बाबांनी पट्टी फॉर्मवरच्या चौकटीवरून उचलली. "तीन ओळी. म्हणजे चौऱ्याऐंशी. तुझं पुराण केवढं आहे?"

मुलीने वहीचं पान पुढे केलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं.

कॉलेजप्रवेशाच्या त्या फॉर्मवर नियम छापला होता : पंचेचाळीस टक्क्यांपेक्षा कमी असल्यास कमी गुणांचे कारण पालकाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे, कारण समितीला पटले तरच मुलाखतीस बोलावले जाईल. तिला एकेचाळीस टक्के होते. आज शेवटचा दिवस, आणि कॉलेजची खिडकी एक वाजता बंद होणार होती.

बाबा पाट्या रंगवायचे. दोन वर्षांपूर्वी बांबूच्या परांचीवरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. हात मात्र तसाच राहिला होता. कुठलीही पाटी लिहायला घेण्याआधी ते अक्षरं मोजत. मावणार नाही ते आधीच काढून टाकायचं, मागून दाटीवाटी करायची नाही, हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा. खाटेवर आडव्या आडव्याच त्यांनी पेन्सिल उचलली.

"'माझे वडील पाट्या रंगवतात.' खोटं. दोन वर्षांत ब्रश तरी धरलाय का?" रेघ मारली.

"'परांचीवरून पडले.' समितीतल्या साहेबांना परांची काय कळणार? ते कधी खुर्चीच्या वर चढलेत?" रेघ.

ती हसली. बाबा असे बोलायला लागले की घर जरा हलकं व्हायचं.

"'आई पहाटे कामाला जाते.' आता तिला कशाला मध्ये ओढतेस? ती बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात." रेघ.

मग ते थांबले. पुढचं त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. तिथे लिहिलं होतं की वडिलांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यांचं सगळं अंथरुणातच करावं लागतं. म्हणून शेवटच्या वर्षी ती एकशे दहा दिवस शाळेत गेली नाही. त्या मजकुरावर त्यांनी दोनदा रेघ मारली. दुसऱ्यांदा कागद फाटला.

"बाबा, तेच तर कारण आहे."

"फार लांबतंय."

"मग नुसतं 'वडील आजारी' लिहा. सहा अक्षरं आहेत. मोजली मी."

पट्टी बाबांच्या छातीवर श्वासाबरोबर वरखाली होत राहिली.

"ठकू, त्या कॉलेजच्या फाटकावरची पाटी कुणी लिहिली?"

"तुम्ही."

"दोन दोन फुटांची अक्षरं. येणारा-जाणारा मान वर करून वाचतो. आणि आता त्याच हातानं, त्याच लोकांना मी लिहून द्यायचं की माझी लेक माझं..." पुढचा शब्द त्यांना काढवला नाही. "आणि आजारी कोण आहे? मी पडलोय."

"मला तिथे जायचंय, बाबा."

"जाशील की. तू काय अडाणी आहेस? मुलाखतीला बोलावतील, तेव्हा तोंडाने सांग सगळं. तोंडाला कुठे चौकट असते?"

"आधी बोलावलं तर पाहिजे ना."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ती फॉर्म ओढून घेऊ शकली असती. पण अक्षर त्यांचंच लागणार होतं. घड्याळात पावणेबारा झाले होते.

बाबांनी पेन्सिलीने बारीक रेघा आखल्या. डावी-उजवीकडे सारखी जागा सोडली. मग जीभ दातांत धरून एकेक अक्षर बसवलं, मोठं, ठसठशीत : अभ्यासात लक्ष नव्हते.

फॉर्म हातभर लांब धरून त्यांनी एक डोळा मिटला. "बघ, चौकट कशी भरली. गर्दी नाही, काही नाही. कसं दिसतंय?"

"छान," ती म्हणाली.

त्यांना वळवायची वेळ झाली होती. एक हात खांद्याखाली, एक मांडीखाली घालून तिने त्यांना कुशीवर केलं, पाठीला उशी लावली, चादरीची सुरकुती ओढून काढली. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवून ती निघाली. दोन तासांत परत यायचं होतं.

रांगेत पन्नास मिनिटं गेली. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म ओढून घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अगं बाई! काय अक्षर आहे! छापल्यासारखं." मग त्यांनी मजकूर वाचला. "आणि सरळ खरं लिहिलंय, हे बरं केलं. नाहीतर ज्याच्या त्याच्या घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं. सकाळपासून तेच वाचतेय मी. सगळ्यांचं एकच रडगाणं."

मुलीने खिडकीचा गज धरला. "कारण पटलं तर बोलावतात ना?"

"कारण असलं तर पटेल ना, बाळ."

बाईंनी शिक्का उचलला. त्या सुंदर अक्षरांवर शाई जाऊ नये म्हणून तो त्यांनी जपून, जरा कडेला मारला.