आवाज कुठाय?

चौथ्यांदा तिने तोच प्रश्न विचारला आणि चौथ्यांदा शोरूममधला विक्रेता भलतंच काहीतरी तिच्या थोरल्या भावाला सांगू लागला.

प्रश्न साधा होता. बॅटरी काढून घरात नेता येते का? ती तिसऱ्या मजल्यावर राहत होती आणि खाली प्लग नव्हता. विक्रेता दादाकडे बघून म्हणाला की साहेब, हिचा पिकअप बघाल तर बाकीच्या गाड्या विसराल.

ती घरोघरी जाऊन मलमपट्टी करणारी नर्स होती. पंधरा वर्षं बसने आणि पायी फिरली. आता तिच्या वाट्याला टेकडीपलीकडची घरं आली होती आणि तिकडे बस जात नव्हती. पुढच्या महिन्यापर्यंत गाडी घ्या, नाहीतर वॉर्डात बसा, असं मेट्रनने सांगून टाकलं होतं. वॉर्ड तिला नको होता. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली, लायसन्स काढलं, माहितीपुस्तिका दोनदा वाचून काढली आणि एका कागदावर आठ प्रश्न लिहून आणले. फक्त एक घोळ केला. आईला सांगून बसली. दादाला घेऊन जा, त्याला गाड्यांतलं कळतं, असं आई म्हणाली आणि विषय संपला.

दादाला पेट्रोलच्या गाड्यांतलं कळत होतं, हे खरं. विजेच्या मोटरसायकलला त्याने आजवर हात लावला नव्हता, पण एवढ्याशा गोष्टीसाठी गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता. तिने करडी, बुटकी गाडी निवडली होती. तिच्यावर बसलं की दोन्ही तळवे जमिनीला नीट टेकत. दादाने त्या गाडीकडे बघून नाक मुरडलं आणि तो एका काळ्या, आडदांड गाडीपाशी जाऊन उभा राहिला. हिच्यावर तिचे जेमतेम चवडे पोचत होते. होईल सवय, तो म्हणाला, आणि सुट्टीच्या दिवशी मलाही नेता येईल. तो तिच्या नावावर स्वतःची गाडी निवडत होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. तिला जास्त राग आला तो याचाच.

"वहिनींना हवी असेल तर गुलाबी रंगातही येते," विक्रेता म्हणाला.

"मी यांची बहीण आहे," तिने दुसऱ्यांदा सांगितलं.

"हो हो, वहिनी."

दादा हसला. त्याने चूक दुरुस्त केली नाही. हातातला कागद तिने इतका घट्ट धरला होता की त्याचा बोळा झाला.

विक्रेत्याने काळी गाडी स्टँडवरून उतरवून दादाच्या हाती दिली, चावी फिरवली आणि बटण दाबलं. हँडलमधल्या पडद्यावर हिरवी अक्षरं उजळली. हिरवं दिसलं की उजवी मूठ उगाच हलवायची नाही, हे पुस्तिकेच्या तिसऱ्याच पानावर होतं. दादा गाडीशेजारी उभा होता आणि त्याचा हात नेमका त्या मुठीवर होता.

"दादा, ती चालू आहे," ती म्हणाली.

"चालू असती तर आवाज आला नसता का, चिमे? आवाज कुठाय?" आणि तीस वर्षांच्या सवयीने, इंजिन कसं बोलतं ते ऐकायला, त्याने मूठ पिळली.

गाडी काही बोलली नाही. ती निघाली. दादाला फरफटत घेऊन चार पावलं गेली, टेबलावर आपटली आणि आडवी झाली. टेबलावरची कुंडी फुटली. फूटरेस्टने दादाची नडगी सोलून निघाली.

पट्ट्यांची पेटी तिच्या पिशवीत कायमच असे. तिने दादाला खुर्चीवर बसवलं आणि जखम धुवायला घेतली. खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. तिचे हात नेहमीसारखे शांत होते, पण रागाने तिची कानशिलं ठणकत होती.

दादाचं तोंड मात्र सुरूच होतं. बघितलंस? माझ्यासारख्याची ही गत, तर तुझं काय झालं असतं? ही असली थेरं तुला झेपायची नाहीत. मेट्रन म्हणतेय तर वॉर्डात बस मुकाट्याने. विक्रेता मान डोलवत होता.

"मी तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"मग मोठ्याने सांगायचं ना."

पट्टीची गाठ तिने जरा जास्तच आवळली. पंधरा वर्षांत तिने असं कुणाला केलं नव्हतं.

ती उठली, लायसन्स टेबलावर ठेवलं आणि टेस्ट राइडसाठी बाहेर उभ्या असलेल्या करड्या गाडीची चावी मागितली. विक्रेत्याने सवयीने दादाकडे पाहिलं. दादा वाकून नडगीवर फुंकर घालत होता. मग विक्रेत्याने तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच चावी काढून दिली.

"बॅटरी निघते," तो हळूच म्हणाला. "घरात नेता येते, मॅडम."

तिने हेल्मेट घातलं, स्टँड वर केला. हिरवी अक्षरं उजळली. तिने दोन्ही तळवे जमिनीला टेकवून एकदा खात्री केली आणि मूठ अगदी हळू फिरवली.

फाटकापाशी पोचल्यावर तिने आरशात पाहिलं. शोरूमचं दार उघडंच होतं. दादा अजूनही पायाकडे बघत, बोट नाचवून बोलत होता.

"ऐकतेयस ना, चिमे?" त्याने विचारलं.